लाल गाडीचे धुतलेले स्क्रू

यंदाच्या दसऱ्याला आमच्या सोसायटीतल्या बायकांनी माझी पूजा केली. मी त्या वेळी गाडीत अडकले होते.

अनय, मुक्ता, तुमच्या बाबाने हा प्रकार तुम्हाला सांगितलाच असेल. फोनवर ऐकताना तो इतका हसत होता की त्याच्या हाती निम्माच लागला असणार. (लहानपणीही तो गोष्ट शेवटाकडूनच सांगायला घ्यायचा.) म्हणून मी सगळं क्रमाने लिहून पाठवते आहे. मी क्रमाने काम करणारी बाई आहे. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर नाव आहे, आणि डब्यात तेच आहे. डबे वर्णक्रमाने लावलेले आहेत. 'इतर' अशी चिठ्ठी असलेला डबा माझ्याकडे कधीही नव्हता. 'इतर' ही आळशी माणसांनी शोधलेली पळवाट आहे, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, आणि मी ते जन्मभर पाळलं. या गोष्टीतली खरी अडचण हीच आहे, पण तिच्याकडे येऊच.

आधी गाडी. मुक्ता, तू तेव्हा नव्हतीस. अनय, तुला अंधूक आठवत असेल. दोन दारांची, बुटकी, लालभडक. तुमचा बाबा नोकरीला लागला आणि एक दिवस कुणाची तरी वापरलेली ती गाडी घेऊन दारात उभा राहिला.

"आई, स्पोर्ट्स कार!"

"दारं दोनच?"

"स्पोर्ट्स कारला दोनच असतात."

"मग मागे बसणाऱ्यांनी आत कसं जायचं?"

"वाकून."

"आणि बाहेर कसं यायचं?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आजपर्यंत कुणाकडेच नाही!

ती जमिनीला इतकी लगटून चालायची की बिबवेवाडीतला प्रत्येक गतिरोधक तिला पोटाने ओळखायचा. सिग्नलला शेजारी बस येऊन थांबली, की आमच्या खिडकीतून फक्त तिचं चाक दिसायचं. तुमचे आजोबा तेव्हा हडपसरच्या कारखान्यात होते. कधीकधी बाबा त्यांना सोडायला जायचा. गाडी फाटकाशी आली की पहारेकरी धावत येऊन कडक सलाम ठोकायचा. मग आतून आजोबा गुडघ्यावर हात देत, टप्प्याटप्प्याने बाहेर यायचे, आणि पहारेकरी सलाम परत घ्यायचा.

पण त्याच गाडीतून तुमची आई लग्नानंतर पहिल्यांदा आपल्या घरी आली. अनय, तुलाही दवाखान्यातून त्याच गाडीतून आणलं. मी तुला मांडीवर घेऊन मागे बसले होते. घर आलं, सगळे उतरले, आणि मला काही केल्या बाहेर येता येईना. शेवटी आधी तुला बाहेर दिलं, मग दोघांनी मिळून मला ओढलं. तू पहिल्यांदा घरात शिरलास तेव्हा तुझी आजी अजून पार्किंगमध्येच होती.

मग तुम्ही सगळे तिकडे परदेशात गेलात. गाडी इथे राहिली. सव्वादोन लाख किलोमीटर धावून ती खांबाशेजारच्या जागेत जी बसली, ती बसलीच. सुरुवातीला आजोबा दर रविवारी ती चालू करायचे. पुढे बॅटरी गेली, टायर बसले, मग ते नुसतेच दुपारी वर्तमानपत्र घेऊन आत जाऊन बसायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, "इथे वारा चांगला येतो." खिडक्या बंद होत्या!

भाद्रपदात आमच्या सोसायटीचे अध्यक्ष पाटणकर यांनी सूचनाफलकावर कागद लावला. न चालणारी वाहनं दसऱ्यापर्यंत हलवावीत, नाहीतर भंगारात देण्यात येतील. अशी वाहनं सोसायटीत एकच होती, त्यामुळे नाव लिहायची गरज त्यांना पडली नसावी. आजोबा त्यांच्याकडे गेले. मीही गेले, कारण आजोबा बोलायला जातात आणि चहा पिऊन येतात.

"सबनीस," पाटणकर म्हणाले, "ती गाडी आहे का स्मारक?"

"गाडी आहे."

"चालताना कुणी पाहिली आहे?"

"इंजिन उत्तम आहे तिचं."

"असेल. माझ्या आजोबांचा आवाजही उत्तम होता म्हणतात. आता ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, दसऱ्याला ती स्वतःच्या इंजिनावर बाहेर काढली, तर?"

पाटणकरांनी चष्मा काढला. "स्वतःच्या इंजिनावर बाहेर यायचं, इमारतींभोवती एक फेरी मारायची, आणि फाटकाशी पूजेच्या रांगेत इतर गाड्यांबरोबर उभं राहायचं. ढकलायचं नाही. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं, तर भंगारवाला एकादशीला येतोय. त्याला मी वेळ देऊन ठेवली आहे."

रात्री तुमच्या बाबाचा, मिलिंदचा, फोन आला. "देऊन टाका ना, आई. आता काय करायचीय ती?" मलाही ते पटत होतं, खोटं कशाला बोलू? जेवताना मी तसं म्हटलं. आजोबा भात कालवत राहिले. मग म्हणाले, "मुलं आल्यावर विमानतळावरून कशात आणायची?"

"टॅक्सी मिळते की."

"टॅक्सीतून पाहुणे येतात."

त्यानंतर मी वाद घातला नाही. सकाळी उठून रिठे भिजत घातले.

कामाची वाटणी सोपी होती. इंजिन आणि टायर आजोबांचे, आतली सफाई माझी. आजोबांनी पाने आणि पेचकस घेऊन सीटा सोडवल्या, दारांची आतली आवरणं काढली, खालचा गालिचा काढला. मी तो गच्चीवर नेऊन धुतला. पहिल्या पाण्यात चहा निघाला, दुसऱ्यात कॉफी, तिसऱ्यात कात्रजचा घाट. छत मी दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक टाका करत घासलं. सीटा कातडी होत्या, वाळून तडकल्या होत्या. त्यांना रोज खोबरेल तेल लावलं. (याचा परिणाम पुढे माझ्यावरच झाला.) दारं सताड उघडी ठेवून आतला दमट वास घालवला. पाटणकर फिरायला जाताना थांबायचे, आत डोकावायचे आणि म्हणायचे, "छान. आता भजी कधी तळताय?"

सीटांखाली काय काय निघालं, ते तुम्हाला सांगायलाच हवं. एक बाकरवडी निघाली. तुम्ही तिकडे जाण्याच्या आधीची, पण आकार शाबूत. तुमच्या आईची केसांची निळी क्लिप निघाली. ती क्लिप लग्नाआधीची आहे, कारण लग्नानंतर लगेच तिने केस कापले होते. त्या काळात तुमचा बाबा रोज रात्री ऑफिसमध्ये जादा काम आहे म्हणून सांगायचा. (मी क्लिपचा फोटो त्याला पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.) आणि अगदी आत, रुळाच्या खाचेत, एक पिवळा लोकरीचा मोजा निघाला. अनय, तुझा. दवाखान्यातून येताना हरवला म्हणून मी त्या दिवशी सगळ्यांवर चिडले होते. माझ्या अंगठ्याएवढा मोजा. मी तो धुतला आणि आजोबांकडे दिला. त्यांनी तो उलटा-पालटा करून पाहिला, आणि गाडीच्या आरशाला टांगला. लोक लिंबू-मिरची टांगतात. आमच्या गाडीला मोजा आहे.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मी गुणगुणत होते, म्हणजे बघा!

आता स्क्रू.

आजोबांनी सोडवलेले स्क्रू, नट, बोल्ट, चकत्या आणि नावं नसलेल्या आणखी काही वस्तू आमच्या बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रांवर पसरल्या होत्या. चांगली अर्धी खोली व्यापली होती. काळपट, ग्रीसने माखलेले, इथे चार, तिथे दोन, मध्येच एक एकटाच. मी ओलांडून ओलांडून वावरत होते. ते नवरात्राचे दिवस, आणि त्या संध्याकाळी माझ्याकडे भोंडला होता. सोसायटीतल्या सगळ्या बायका येणार होत्या. आजोबा दुपारी नवी बॅटरी आणायला गेले. जाताना म्हणाले, "खोलीतलं तेवढं सांभाळ गं."

आता 'सांभाळ' याचा अर्थ मी जो घेतला, तो माझ्या जागी कुठल्याही व्यवस्थित बाईने घेतला असता. मी सगळे स्क्रू गोळा केले. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवले. एकेक ब्रशने घासला, पंच्यावर वाळवला. काय चमकायला लागले! मग लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन त्यात मापाप्रमाणे लावले. सगळे आखूड एका बरणीत, मधले दुसऱ्या, लांब तिसऱ्या, नट चौथ्या, चकत्या पाचव्या. बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या, वर क्रोशाची झाकणं घातली, आणि ओळीने कपाटावर मांडल्या. लांबून पाहिलं. मला भरून आलं.

आजोबा बॅटरी छातीशी धरून परत आले, तेव्हा भोंडला रंगात होता. पाटावर हत्ती काढला होता आणि बायका त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणत होत्या. आजोबा उंबऱ्यातच थांबले. त्यांची नजर जमिनीवरून फिरली. एकदा. मग पुन्हा. नेमकं जिथे डाव्या दाराचं सामान होतं, तिथे पाटणकर वहिनी उड्या मारत होत्या.

भोंडल्यानंतर खाऊ असतो, त्याला खिरापत म्हणतात. तो झाकून ठेवतात आणि काय आहे ते इतरांनी ओळखायचं असतं. बायकांनी आजोबांना घेरलं.

"काका, तुम्ही ओळखा खिरापत!"

आजोबांनी कपाटावरच्या झाकलेल्या बरण्यांकडे पाहिलं.

"स्क्रू," ते म्हणाले.

बायका हसून हसून लोळल्या. काका किती गमतीदार, म्हणाल्या. मीही हसले. फक्त आजोबा हसत नव्हते.

सगळ्या गेल्यावर ते खुर्चीवर बसले. बॅटरी अजून छातीशीच होती.

"तो नकाशा होता," ते म्हणाले.

"कसला नकाशा?"

"गाडीचा. वरच्या बाजूला पुढचा भाग. डावीकडे डावं दार, उजवीकडे उजवं. मधे सीटा. जो स्क्रू जिथून काढला, तिथेच कागदावर ठेवला होता."

मी बरण्यांकडे पाहिलं. मग म्हटलं, "पण मी मापाप्रमाणे लावलेत."

"हो."

"स्वच्छ केलेत."

"हो. फार स्वच्छ केलेस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला उलट बोलता आलं असतं. ते उठले, खाली गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी खिडकीतून पाहिलं, तर गाडीत सीट नव्हती आणि हे आत न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल ठेवून त्यावर बसले होते. समोर आरशाला मोजा. भंगारवाल्याला वेळ दिलेली होती, दसरा तोंडावर होता, आणि तुमच्या आजोबांची गाडी माझ्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये मापाप्रमाणे उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरण्या ट्रेमध्ये मांडून खाली नेल्या. "चला," म्हटलं. "मी देते, तुम्ही लावा."

"कुठला कुठे, कळणार कसं?"

"बसेल तो त्याचा."

अशी आमची जोडणी सुरू झाली. आजोबा दाराशी उकिडवे, मी शेजारी पाटावर, मांडीवर ट्रे. दवाखान्यात नर्स डॉक्टरला देते तसे मी स्क्रू देत होते.

"आखूड."

"घ्या."

"हा फिरतोय नुसता. मधला दे."

"घ्या."

"बसला."

"इथलाच आहे का?"

"ते विचारू नकोस."

मुलांनो, एक सांगते. तुमच्या आजोबांबरोबर मी इतकी वर्षं संसार केला, पण दोघांनी मिळून एक वस्तू हातात धरावी असं काम बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. ते त्यांचं वर्तमानपत्र वाचतात, मी माझे डबे लावते. त्या दिवसांत मात्र आम्ही सकाळी चहा घेऊन खाली जायचो ते जेवायलाच वर यायचो. मध्येच ते म्हणायचे, "आठवतं, मिलिंदने इथेच गाडी घासली होती?" मी म्हणायचे, "तिथे नाही, त्या बाजूला. तुम्ही घासली होती, आणि नाव मिलिंदचं सांगितलंत." वरच्या मजल्यावरचा वानखेडे येता-जाता चौकशी करायचा. तो अमरावतीचा, हडपसरला संगणकाच्या कंपनीत आहे.

"काका, बसून राह्यली का गाडी?"

"बसतेय, बसतेय."

"अन् काकू, या बरण्यायमंदी लोणचं हाय का?"

"स्क्रू आहेत."

"बाप्पा!" म्हणून तो लिफ्टकडे जायचा.

शेवटी सगळं जागेवर बसलं. निदान आमच्या नजरेला तरी तसं दिसत होतं. फक्त एक बरणी उरली. पाऊण भरलेली! आजोबा म्हणाले, "गाडीत मुळातच जरा जास्त लावलेले असतात." इतकी वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाने असं म्हणावं, यावरून तुम्हाला आमची अवस्था समजावी.

दसऱ्याची सकाळ. फाटकाशी सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभ्या. दुचाकी, चारचाकी, एका मुलाची तीनचाकी सायकलसुद्धा. आमच्या जागेभोवती ही गर्दी. मी पैठणी नेसले होते. उरलेली बरणी बरोबर घेतली होती, कारण कुठे काय लागेल सांगता येत नाही. आजोबा चालकाच्या जागेवर बसले, मी शेजारी. इतके दिवस वाळवण्यासाठी उघडी असलेली दारं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा लावली. धाडकन लागली. छान, भक्कम आवाज आला.

आजोबांनी किल्ली फिरवली. काही नाही. पाटणकरांनी घड्याळ पाहिलं. आजोबांनी मोज्याकडे पाहिलं आणि पुन्हा फिरवली. आणि काय सांगू! ती खोकली, थरथरली, मागून काळ्या धुराचा एक गोळा सोडला, आणि गुरगुरायला लागली. तोच जुना आवाज. तुमचा बाबा रात्री उशिरा यायचा, तेव्हा मी अंथरुणात पडून ज्या आवाजाची वाट पाहायचे, तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"निघाली!" आजोबा ओरडले.

गाडी पुढे गेली. मी मागे गेले.

माझी सीट रुळावर घट्ट बसलेली नव्हती. ती सरळ मागे घसरली, आणि तिची पाठ आडवी झाली. चालकाची सीट मात्र जागेवर. (तिचे बोल्ट आजोबांच्या खिशात होते, म्हणून माझ्या आवराआवरीतून वाचले. तेव्हा देवाच्या घरी न्याय आहे.) मी पैठणी नेसून, मांडीवर बरणी धरून, पाठीवर आडवी झाले होते. छत मी फार सुंदर घासलं होतं, हे मला त्या दिवशी सवडीने पाहायला मिळालं.

"अहो! थांबा!"

"थांबलो तर बंद पडेल! फेरी पुरी करू दे!"

त्यांनी पहिलं उजवं वळण घेतलं, आणि भोंगा वाजायला लागला. कुणी दाबला नव्हता. चाक उजवीकडे वळलं की तो आपोआप वाजायचा आणि सरळ झालं की गप्प व्हायचा. आमच्या इमारतींभोवतीची फेरी म्हणजे सगळी उजवी वळणंच! सीटवर खोबरेल तेल, अंगावर रेशीम. प्रत्येक वळणाला मी सरकत दाराला जाऊन टेकत होते, आणि ब्रेक लागला की सीटसकट पुढे येऊन पुन्हा मागे जात होते. गॅलऱ्यांमधून लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना दर वळणाला खिडकीत एकदा माझं डोकं दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. त्यांना वाटलं, मी नमस्कार करते आहे. त्यांनीही केले.

फाटकाशी रांगेत जागा मोकळी ठेवली होती. आजोबांनी गाडी तिथे उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, आणि विजयी मुद्रेने दाराची कडी ओढली. कडी हातात आली.

त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी बरणीत टाकली.

मग मी माझ्या बाजूची ओढली. ती हातात आली नाही, पण तिने दारही उघडलं नाही. बाहेरून वानखेडेने ओढून पाहिलं. नाही. मागाहून कळलं ते असं, की दारांच्या आवरणांना आम्ही जे लांब स्क्रू लावले, ते आरपार जाऊन आतल्या यंत्रात रुतले होते. काच खाली करायला गेले, तर ती चार बोटं खाली आली आणि तिथेच अडली.

"काकू, हे काय होऊन राह्यलं?" वानखेडेने फटीतून विचारलं.

"आम्ही अडकलोय. मागचं झाकण उघड. डिकीतून येतो."

"किल्ली द्या."

डिकीची किल्ली आणि इंजिनाची किल्ली एकच. आजोबांनी हात घट्ट मिटला. "इंजिन बंद केलं आणि परत चालू झालं नाही तर? आधी पूजा होऊ दे. पाटणकरांना 'झालं' म्हणू दे. मग बंद करतो."

"अहो, मी आडवी आहे!"

"थोडाच वेळ."

तोवर पाटणकर वहिनी आरतीचं ताट घेऊन आमच्या गाडीपाशी पोचल्या होत्या. त्यांनी गाडीच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि गोंधळल्या. समोर सवाष्ण दिसते आहे, हातात हळदकुंकू आहे. सवय मोठी वाईट.

"वहिनी, जरा कपाळ वर करता?"

मी खिडकीची कड धरून उठले आणि फटीशी कपाळ टेकवलं. त्यांनी कुंकू लावलं. त्यांच्यामागे दुसरी उभी होती, तिनेही लावलं. मग रांगच लागली. एकीने फटीतून फूल टाकलं. एकीने साखरेचा पुडा सरकवला. कुणीतरी आरती म्हणायला लागलं आणि सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. वानखेडेने पुढे नारळ फोडला, त्याचं पाणी काचेवर उडालं. आजोबांनी वायपर लावला आणि भोंगा वाजला. काचेआड मी, कपाळभर कुंकू, केसांत झेंडू, हात जोडलेले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

आरती संपली. पाटणकर पुढे आले आणि फटीतून आत बघत राहिले.

"सबनीस, उतरत नाही का?"

"दारं उघडत नाहीत."

"अच्छा." त्यांनी थोडा विचार केला. इंजिन गुरगुरत होतं. मोजा हलत होता. "गाडीने स्वतःच्या इंजिनावर बाहेर यायचं, असं मी म्हणालो होतो. आली. आतल्या माणसांनी बाहेर यायचं, असं मी म्हणालो नव्हतो. जागा तुमची." मग खिशातून आपट्याचं पान काढून त्यांनी फटीतून दिलं. "सोनं घ्या. आणि भोंग्याचं बघा."

आजोबांनी इंजिन बंद केलं. इतके दिवस मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. दाढी केलेल्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते म्हणत होते, "घामच आहे गं. वारा नाही इथे."

किल्ली फटीतून बाहेर गेली. वानखेडेने डिकी उघडली. मागची सीट पुढे वाकवून आम्ही सामानासारखे सरपटत निघालो. वाटेत मी अडकले. अडकणारच, या गाडीचा आणि माझा तसा रिवाज आहे. मी आधी बरणी बाहेर दिली, मग दोघांनी मिळून मला ओढलं.

वानखेडेने बरणी हलवून पाहिली. "काकू, यात काय हाय?"

"गाडी."

"बाप्पा! मंग आत्ता चालवली ते काय होतं?"

दसऱ्यानंतर मेकॅनिक येऊन दारं उघडून गेला. माझी सीट घट्ट झाली आहे. भोंगा अजून उजवीकडे वळलं की वाजतो, पण आजोबा म्हणतात, विमानतळावरून येताना बहुतेक वळणं डावीच आहेत. त्यांनी रस्ता तसा शोधून ठेवला आहे. दुपारी ते पुन्हा गाडीत बसून वर्तमानपत्र वाचतात. खिडक्या आता उघडतात, तरी वारा येत नाही. मीही हल्ली चहा घेऊन जाते.

तेव्हा या लवकर. चौघांनी वाकून बसायचं आहे. प्रवासात तुमच्या हातात काही सुटून आलं, तर घाबरू नका, आणि फेकू तर मुळीच नका. घरी आल्यावर स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पाहा. आमचूर आणि ओवा यांच्या मधोमध, वर्णक्रमाने अगदी योग्य जागी, एक बरणी आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे: 'इतर'.